लेबल नसलेली बाटली

गुरुवार, दुपार

ताई,

धाकटीचा नमस्कार. रागावली असशील तरी घे, नमस्काराला पैसे पडत नाहीत.

आईचा गुडघा बरा आहे. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यापासून ती मुद्दाम गच्चीवर जाऊन येते. तू लावलेली वेल शेजाऱ्यांच्या खिडकीत शिरली आहे, त्यामुळे फुलं त्यांना आणि बोलणी आम्हाला. आमच्या प्रयोगशाळेत नवा फ्रीजर आलाय. तो इतका घुमतो की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं.

हे सांगायला मी कागद घेतलेला नाही, हे तुला कळलंच असेल.

सोमवारी तू फोनवर म्हणालीस, "तुला माझं बरं झालेलं बघवत नाही," आणि फोन ठेवलास. तेव्हापासून उचलत नाहीस. "भावजींचं औषध घेऊ नकोस" एवढंच मी एका दमात बोलले, कारण सांगायचा धीर झाला नाही. आता सांगते. पूर्ण वाच, मग हवं तर फाड.

तूच कौतुकानं सांगितलं होतंस. छोटी बाटली, लेबल नाही, तळाशी दिसेल न दिसेल अशी पांढरी पूड. भावजी त्यात पाणी सोडतात, पण हलवत नाहीत, तळहातांत धरून हळूहळू फिरवतात. "किती जपतात," म्हणालीस. ताई, हलवलं की फेस होतो आणि आतलं प्रथिन वाया जातं, म्हणून आम्ही सगळेच तसं फिरवतो. भावजींनी तुला काहीही सांगितलं असलं तरी ती बाटली परदेशातून आलेली नाही. आमच्याकडे बाटल्या भरण्याचा विभाग भावजींच्या हाताखाली आहे, ती तिथली आहे. तिथल्या बाटल्यांच्या लेबलवर छापलेलं असतं, 'फक्त संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.' तुझ्या बाटलीला लेबल का नाही, ते आता सांगायला नको.

माणसाच्या पेशीच्या अंगावर एक जागा असते, सुजेचा निरोप तिथे येऊन बसतो. आम्ही तेवढी जागाच किड्यांच्या पेशींकडून बनवून घेतो. ती रक्तात सोडली तर निरोप वाटेतच तिला चिकटेल, सांध्यापर्यंत पोचणार नाही. भावजींचा हिशोब इथवर बरोबर आहे. तुझी आखडलेली बोटं वळायला लागली, तू स्वतःची वेणी घातलीस, ते ऐकून मीही रडले होते.

पण भावजी सशांच्या खोलीत कधी फिरकत नाहीत. मी रोज जाते. हेच प्रथिन आम्ही सशांना टोचतो, कशासाठी माहीत आहे? त्यांच्या रक्तानं ते परकं म्हणून ओळखावं आणि त्याच्यावर तुटून पडावं यासाठी. पहिल्या सुईनंतर ससा निवांत पाला खात बसतो. मग आम्ही काही आठवडे थांबतो, रक्ताला शिकू देतो, आणि पुन्हा टोचतो. गेल्या महिन्यात एक ससा त्या दुसऱ्या सुईनंतर माझ्या हातातच गेला. मी सुई खाली ठेवेपर्यंत त्याचा श्वास कोंडला होता. सगळ्यांचं तसं होत नाही. कुणाचं होणार, ते मात्र आधी कळत नाही.

आणि तुला पहिल्या सुया दिल्यावर भावजी काही आठवडे थांबलेत. त्यांना बाटल्या मिळत नव्हत्या, एवढंच. पण तुझ्या रक्ताला शिकायला तेवढा वेळ मिळाला आहे.

काल जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठून हे सगळं सांगितलं. अंगावर येतील असं वाटलं होतं. ते डबा बंद करत शांतपणे म्हणाले, "ससा म्हणजे माणूस नव्हे. आणि सकाळी तिला पुन्हा कप उचलता येत नाही ते तू बघत नाहीस, मी बघतो." त्यांचा तुझ्यावर जीव नाही असं मी कधीच म्हणणार नाही. मला त्याचीच भीती वाटते.

आज सकाळी मी साहेबांना सांगून टाकलं. ते म्हणाले, उद्या चौकशी करू. भावजींची नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही होईल. तू जन्मात माझं तोंड बघणार नाहीस. चालेल. तू असलीस म्हणजे झालं. आईला यातलं काही बोलले नाही.

इथवर लिहिलं आणि काचेतून भावजी जाताना दिसले. काम संपायच्या आत ते कधी निघत नाहीत. काखेत बाटल्या न्यायचा बर्फाचा डबा होता. हाक मारली तर मागे वळून पाहिलंही नाही. आता फोन तूही उचलत नाहीस आणि तेही.

पत्र टपालात टाकत नाही, घेऊनच निघते आहे. तू मला दार उघडणार नाहीस, तुझा हट्ट मला ठाऊक आहे. म्हणून हा कागद दाराच्या फटीतून आत सरकवेन.

ताई, हे वाचत असशील तर मी दाराबाहेर उभी आहे. ते सुई भरत असतील तर भरू देत. तू तेवढी उठून ये.

तुझीच,
धाकटी