सात दुवांची घागर

आयत उझरू,
बुधवार, ९ ऑक्टोबर

लाडक्या इट्टोस आजीचे आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल. खजूर उतरवायला घेतलेत. खेचराने मला पुन्हा लाथ घातली, पण नेम चुकला. म्हातारं झालंय बिचारं. अक्षरं तुझ्या आईची, जीभ माझी. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस?

तुझी बातमी आल्यापासून गावात ईद आहे. सोमवारी रबातला आमची इट्टो मंत्र्यासमोर उभी राहणार, वीस वर्षांनी आपल्या खोऱ्याचं काय होईल ते सांगणार, आणि त्यावरून तो आज काय करायचं ते ठरवणार! गावच्या भट्टीवर मी हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सुरू केलं तशा बायका रोट्या कच्च्याच घेऊन निघाल्या. तुमची संस्था म्हणे तीन भविष्यं मांडते: बरं, मधलं आणि वाईट. अगं, पीठ संपत आलं की मीही तेच करते. मला मात्र पगार नाही.

तू म्हणालीस, अहवालात आपला खत्तारा सगळ्यांत जोमदार निघाला. डोंगराच्या पोटातून भुयाराने येणारं हे पाणी वीस वर्षं सहज पुरेल, म्हणून वरच्या अंगाला कलिंगडाच्या मळ्यांना बोअर मारू द्यायला हरकत नाही. ऐकून मी खूप हसले. मग हसू आपोआप थांबलं.

चार महिन्यांपूर्वी तुमचे झुबेरसाहेब मोजायला आले होते ना, सज्जन माणूस. चहाचे तीन पेले न कुरकुरता प्यायले. पाटात काठी धरून मोजत होते आणि पाणी असं खळाळत होतं, की पाण्याच्या पाळ्या लावणारे आपले बासूकाका तोंड फिरवून उभे राहिले.

तुझी आई लेखणी थांबवून माझ्याकडे बघतेय. लिही गं हादा, लिही.

पाहुणे राजधानीतले. त्यांना का कोरडा पाट दाखवायचा? घरात चणचण असली तरी पाहुण्याच्या ताटात मांसाचा तुकडा वर ठेवतोच ना आपण. म्हणून गावाने तीन दिवस आपापली पाळी सोडली आणि पाणी साठायला हौदाचं दार बंद ठेवलं. साहेबांची गाडी वळणावर दिसली, तेव्हा उघडलं. बासूकाका तयार नव्हते. म्हणाले, "यामना, मोजायला येणाऱ्यापुढे नटायचं नसतं." त्यांना गप्प केलं मी. कल्पनाही माझीच. साहेबांनी विचारलं, रोज असंच असतं का. मी म्हटलं, "अल्लाची कृपा." हे खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं.

अब्रूसाठी केलं, असं गावाला सांगते. तुला खरं सांगते. पाणी आटतंय म्हटलं तर तुमची माणसं गाव उठवा म्हणतील, असं वाटलं. मग माझी इट्टो ईदला येणार कुठे?

आता माझी मोजणी घे. हौदाच्याही आधी, खत्ताऱ्याच्या तोंडाशी घागर लावली की मी दुवा म्हणते. लग्न होऊन आले त्या वर्षी एका दुवेत भरायची. तुझा बाप झाला तेव्हा दोन लागत. तू झालीस तेव्हा चार. आज सकाळी सात लागल्या. अठ्ठावन्न वर्षं तीच घागर, तोच दगड, तीच बाई. आहे तुमच्या संस्थेत कुणाकडे एवढी जुनी मोजणी? बासूकाकांना हे सांगितलं तर तरण्यासारखे उठून बसले. म्हणाले, घागरीत किती मावतं ते कळलं की पुढचं गणित पोरं करतील.

म्हणून घागर उद्याच्या बसने पाठवतेय. पोचे मोजू नकोस, त्यातला एक तुझ्या आजोबांचा आहे. तोवर मी प्लास्टिकच्या डब्याने पाणी भरेन. जुना आकडा खोड, हा मांड. कुणी हसलं तर सांग, लबाडी आजीची होती. कुणी विचारलं, एक दुवा म्हणजे किती वेळ, तर तूच म्हणून दाखव. घाई न करता, मी शिकवली तशी. ती चाल रबातमध्ये फक्त तुझ्याकडे आहे.

तुझी,
खरं बोलायला चार महिने लावलेली,
आजी यामना

(खालचा अंगठा माझाच. शाई नव्हती, मेंदी लावलीय.)