कापसाच्या ढिगावरचा आखाडा

वडनेर भोलजी,
मंगळवार, दिवेलागण

प्रिय गीता,

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळं बरं आहे. आई ठणठणीत आहेत, दोन्ही वेळा भाकरी खातात आणि मला रोज काहीतरी ऐकवतात, म्हणजे तब्येत उत्तमच. फोन का केला नाही असं तुझ्या मनात येईल. तुला फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतेस आणि मग तुझ्याबरोबर अर्धं रोहिणखेड ऐकतं. शिवाय फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्राला मध्येच ‘ते जाऊ दे वयनी, आधी हे सांग’ असं म्हणता येत नाही, म्हणून हा खटाटोप. जेवणं उरकली की एकटी बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

येत्या रविवारी आपल्या घरी समाप्ती आहे. पोथीची नाही, सिरियलची! तुला मी मागं सांगितलं होतं, ‘रेत के कैदी’. जुन्या काळी रोममध्ये गुलामांना रिंगणात उतरवून एकमेकांशी लढवायचे, त्यांना ग्लॅडिएटर म्हणत, त्यांची गोष्ट. बादशहा वर सज्जात द्राक्षं खात बसतो, खाली रेतीत माणसं मरतात आणि लोक टाळ्या पिटतात. सिरियल परदेशी आहे, आवाज हिंदीत भरलेले. आता शेवटचा भाग तेवढा राहिलाय, आणि गाव असं वागतंय की जणू घरचंच कार्य आहे. दयारामभाऊंनी समाप्तीला रोडगे आणि वांग्याची भाजी करायचं ठरवलंय, ते निखाऱ्यात भाजायला शेणाच्या गोवऱ्या आत्तापासून आपल्या अंगणात येऊन पडल्यात. मी म्हटलं, अहो भाऊ, हा काय भंडारा आहे का? तर म्हणतात, “इतके दिवस मन लावून आयकलं, समाप्तीले जेवन नाही केलं तं पोथी लाभत नाही.”

आणि बसतात कुठं हे लोक, सांगू? कापसावर. यंदा भाव चढेल म्हणून कापूस घरातच ठेवलाय, समोरच्या खोलीत ढीग पार आढ्याला टेकलाय. टीव्हीपुढं जेमतेम सतरंजीपुरती जागा उरली. पहिल्या रविवारी चारदोन जण आले ते खाली मावले. मग वाढत गेले तसे पोरं ढिगावर चढली, त्यांच्या खाली बायका टेकल्या, सगळ्यात पुढं आईंची खाट. सिरियलमधल्या रिंगणाभोवती पायऱ्या पायऱ्या असतात ना, हुबेहूब तसं झालंय आमच्याकडे. कापसावर बसलं की अंग खाजतं, पण खाजवत बसतील, उठायचे नाहीत. मलकापूरचा व्यापारी गाडी घेऊन आला होता, भावही बरा सांगत होता. आईंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं, “समाप्ती झाल्यावर ये भाऊ, आता लोकं बसून राह्यले त्याच्यावर.” तो बिचारा बघतच राहिला.

पोथी पोथी असं मी उगीच म्हणत नाहीये. श्रावणात मारुतीच्या देवळात तुझा दादा पोथी वाचायचा आणि दयारामभाऊ अर्थ सांगायचे, आठवतं? एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं थांबून उलगडून सांगायचं. आमच्याकडे तेच सुरू झालं. त्या हिंदीत सल्तनत, इंतकाम, मुकद्दर असले जड शब्द, त्यात माणसं सगळी सारखी, दाढी नाही, मिशी नाही. पहिल्या दिवशी आईंनी विचारलं, “एवढे आंगाचे गडी आन् घागरे काऊन घातले वं यायनं?” मग मी थांबवायला लावलं आणि सांगितलं. दर दोन मिनिटांनी, “हा काऊन मारून राह्यला त्याले? हे कोनाची बायको?” असं चालू झालं. मी सांगत गेले. आता लोक मी अर्थ सांगितल्याशिवाय पुढं जाऊच देत नाहीत. नायकाचं नाव वेरान आहे, आईंनी त्याचा बबन करून टाकलाय आणि सगळं गाव आता त्याला बबनच म्हणतं. दयारामभाऊ माझ्या अर्थात खुसपटं काढतात, पण ऐकतात. गीता, खरं सांगते, इतकी वर्षं मी देवळात बायकांत मागं बसून अर्थ ऐकला. आपल्यालाही सांगता येतो, आणि बरा सांगता येतो, हे मला या वयात कळलं. मला फार आवडतं ते.

थांबवायचं आणि सुरू करायचं काम वामनरावांचं. त्यांना तू ओळखतेस. मलकापूर डेपोचे कंडक्टर, माहेरी येताना तुला कायम खिडकीची जागा धरून द्यायचे आणि तू त्यांना पेरू द्यायचीस. रिटायर होऊन बसलेत आता, बायको जाऊनही बराच काळ झाला. ही सिरियल त्यांच्या मुलाच्या, रवीच्या खात्यावरून दिसते, म्हणून रिमोटही त्यांच्याच हातात. सवय काही सुटलेली नाही, खोलीत लोक शिरले की दारात उभे राहून, “पुढं सरका, पुढं सरका, मागच्यायले जागा करा.” परवा तर एका पोराला त्यांनी कापसाच्या ढिगावरून खाली उतरवला, “वरती उभं राहू नोको बे.” वाचणारा जसा अर्थ सांगणाऱ्याचा श्वास ओळखतो तसं आमचं झालंय. मी तोंड उघडायच्या आत ते थांबवतात, माझं बोलणं संपलं की न सांगता सुरू करतात. माझं कुणी इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं.

मध्यंतरी एक गंमत झाली. चारच्या सुमाराला खिडकीतून ऊन थेट टीव्हीवर येतं, कुणाला काही दिसेना. जाड कापड शोधायला मी ट्रंक उघडली तर हाताला माझा लग्नातला शालू लागला. आणि त्याच्या पदराचं ते भोक! करवली म्हणून तू माझ्या मागं करा-दिवा घेऊन उभी होतीस आणि मंगलाष्टकं सुरू असताना उभ्या उभ्या पेंगलीस. जळका वास आला तेव्हा मला वाटलं, माझंच काही चुकलं. तू पदर चिमटीत धरून विझवलास, बोट भाजून घेतलंस आणि माझ्या कानात म्हणालीस, “वयनी, सांगू नोको वं कोनाले.” तू मला पहिल्यांदा वहिनी म्हणालीस ती तेव्हा. मी नाही सांगितलं. आईंना अजूनही वाटतं तो शालू उंदरांनी कुरतडला. मी ट्रंकेपाशी बसून एकटीच हसले आणि मग खिडकीला घोंगडी लावली.

तुझा दादा गेला तेव्हा माझी काजल लांब पुण्याला होती, परीक्षा चालू होती तिची. तू महिनाभर माझ्याजवळ झोपलीस. शेजारणी माझ्या मोकळ्या हातांकडे बघायच्या, तर तू बाजारात जाऊन निळ्या बांगड्या आणल्यास आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात चढवल्यास. “माह्या भावाले हिचे रिकामे हात आवडत नव्हते,” असं तू दणकावून सांगितलंस. त्यानंतर कुणाची बोलायची छाती झाली नाही. त्या बांगड्यांतल्या दोन अजून माझ्या हातात आहेत. तुझा दादा चांगला माणूस होता, मी त्याच्याबरोबर सुखात होते, हे मी कुणालाही सांगेन. आजही श्रावण आला की त्याचा आवाज कानात येतो.

आता परवाच्या रविवारचं ऐक. भाग असा संपला की बबनला आणि त्याच्याच कोठडीतल्या जिवलग मित्राला मालकानं एकमेकांसमोर रिंगणात उभं केलं. दोघांपैकी एकच बाहेर येणार, असा बादशहाचा हुकूम. दोघांच्या हातात तलवारी, आणि तिथंच संपलं. खोलीत कालवा झाला. दयारामभाऊ म्हणाले, बबन मरणार, त्याशिवाय गोष्ट खरी वाटत नाही. बायका त्यांच्या अंगावर धावून गेल्या. आई म्हणाल्या, “काही मरत नाही. दोघंही संग पळून जातीन, पाह्यजा.” मला विचारलं तर मी म्हटलं, मी फक्त झालेल्याचा अर्थ सांगते, होणाऱ्याचा नाही. तेवढ्यात कुणीतरी वामनरावांना विचारलं, समाप्ती झाल्यावर दुसरी कोणती सिरियल लावणार? ते म्हणाले, “आता कोठची? रवी बलावून राह्यला नागपूरले. सातव्या मजल्यावर खोली ठेवली हाये माह्यासाठी. शिरियल सरली की येतो, असं सांगून राह्यलो होतो त्याले इतके दिवस.”

गीता, बबन मरो की जगो, मला एकदम काही वाटेनासं झालं. लोक उठायला लागले. सगळ्यांच्या पाठीला, डोक्याला कापूस चिकटलेला, दर रविवारी तसाच असतो, जो तो अंगणात जाऊन झटकतो. वामनराव माझ्यापुढून निघाले आणि मी काय केलं असेल? हात पुढं करून त्यांच्या खांद्यावरचा कापूस काढायला लागले. एक पुंजका, दुसरा, मग कॉलरवरचा. भरल्या खोलीत! माझ्या ध्यानात आलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. तीसेक माणसांच्या पाठीला कापूस होता आणि मी एकट्याचाच काढत होते. वामनराव हलले नाहीत. बस थांबल्यावर सगळे उतरेपर्यंत उभे राहायचे ना, तसे उभे राहिले. मी तो कापूस मुठीत धरून चुलीकडे पळाले, नव्या नवरीसारखी, या वयात.

दुसऱ्या दिवशी गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. पण मला काळजी आईंची होती.  संध्याकाळी मी त्यांचे पाय चेपत होते, तेव्हा म्हणाल्या, “कापूस अंगाले लागला की खाजते. काहाडाच लागते.” एवढंच. मग थोड्या वेळानं, “माह्यी खाट टीव्हीसमोरूनच हालवाची नाही, हे त्याले सांगून ठेवजो आधी.” मी त्यांच्या पायांवर डोकं टेकून रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं. काजलला फोन केला तर पोरगी म्हणते, आई, तू फोनवर सिरियलबद्दल बोलतेस की वामनकाकांबद्दल, हे मला कधीचं कळेनासं झालंय.

आज वामनराव दुपारी आले, सिरियल नसताना, कारण नवा भाग रविवारीच येतो. आई खाटेवर जाग्याच होत्या, तिथं त्यांच्यासमोरच बोलले. म्हणाले, “पोथी सरली की पहिल्या अध्यायाच्या चार ओव्या पुन्हा वाचतात ना? काऊन वाचतात?” मी अर्थ सांगितला, की पोथी संपली असं राहू नये, पुढं चालूच राहावी, म्हणून वाचतात. त्यावर ते म्हणाले, “मंग समाप्ती झाल्यावर पह्यला भाग लावू आपन. रवीले सांगतो, मी काही येत नाही. फक्त कोन्या नात्यानं राह्यतो ते त्याले सांगा लागीन.” कंडक्टरपुढं सुटे पैसे शोधावेत तशी मी आधी पदराशी चाळवाचाळव केली, आणि मग हो म्हटलं.

तर हे पत्र त्यासाठी. मी तुला परवानगी विचारत नाहीये गीता, हो मी म्हणून बसले आहे. पण एक भीती आहे आणि ती तुझ्याजवळ नाही सांगायची तर कुणाजवळ? मी दुसऱ्याच्या नावाची झाल्यावर तू मला वहिनी म्हणशील का? आईंना सोडून मी कुठं जाणार नाही, हे घर जिथं आहे तिथंच राहील, तुझं माहेर तुझंच. जुन्या काळी विधवेचं दुसरं लग्न, म्हणजे पाट, लावायचे ते अंधारात, मागच्या दारी, सवाष्णी तोंड फिरवायच्या, आणि करवली तर नसायचीच. मला तसं नकोय. समाप्तीच्या दिवशी भर दुपारी, अंगणात, रोडगे भाजत असताना सगळ्यांसमोर आम्ही हार घालणार आहोत, आणि मग आत जाऊन बबनचं काय होतं ते पाहणार आहोत. पहिल्या लग्नात तू दादाकडची करवली होतीस. या वेळी माझ्याकडून उभी राहशील? माझ्या मागं तुझ्याशिवाय दुसरं कुणी उभं राहिलेलं मला चालणार नाही. तू आली नाहीस तर मी रागावणार नाही, पण जागा रिकामी ठेवीन. येणार असशील तर सकाळच्याच गाडीनं ये, आणि आदल्या रात्री पोटभर झोपून ये. साडी नवी आहे, दिवा जरा लांब धर.

तुझीच,
वहिनी