धुळ्याचा लाडू

रावेर, १९५६

तीर्थस्वरूप अक्का,

सकाळपासून लिहायला बसते आणि उठते. तुमच्याकडून आल्यापासून यमूचं पोट पुन्हा बिघडलंय. हातापायांच्या काड्या झाल्यात, पोट तेवढं फुगलंय. जळगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला गहू सोसत नाही, कणभरही नको. ज्वारीची भाकरी आणि केळी खाऊन पोर कशी भरून आली होती! काल खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, “आत्यानं गव्हाचा लाडू देला. कोनाले सांगू नको म्हने.”

मला फार राग आला, अक्का. मग धुळ्याला, देवपूरच्या तुमच्या घरी तुम्ही म्हणाला होतात ते आठवलं, “भावाची एकुलती लेक माझ्या घरी येऊन भाकरी खाणार?” तुम्हाला मूल नाही. सगळा जीव त्या लाडवात होता तुमचा. हे म्हणतात, “लिहू नकोस, अक्का मनाला लावून घेईल.” पण गप्प बसले तर तुम्ही पुन्हा भरवाल, आणि पोर हातची जाईल.

हे पत्र नाही टाकत. यमू जरा सावरली की तिला घेऊन मीच येते आणि समोर बसून सांगते. ज्वारीचं पीठ मी आणीन. भाकरी मात्र तुम्ही थापा, आणि पहिला घास तुमच्याच हातानं भरवा.

तुमची भावजय,
कौतिक