मोरीच्या तोंडावरचा बांध

७ ऑगस्ट
आजही टँकर नाही. साईटवर मिक्सर बंद, मजूर घरी. सोसायटीचे चेअरमन दोन-तीन सभासद घेऊन आले. "साहेब, रस्त्याखालची ही मोरी कावून ठिवली? पडंल तो थेंब वढ्यात जायचा. तोंड बुजवा तिचं, पानी हिरीत जिरू द्या." म्हटलं, कॉलनीचा सगळा उतार मोरीकडंच काढलाय, बुजवली तर पाणी मागं फुगेल. "फुगाय आदी पानी तर पायजे!" सगळे हसले. मीही हसलो. तेच सलतंय.

९ ऑगस्ट
बुजवली. दगड, मुरूम, वर काळी माती. नकाशा माझा, बांधही मीच घालून घेतला. काम चोख झालं, त्याचीच लाज वाटते.
शब्बीरभाई येऊन बघत उभे. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात. सगळ्यात खालचा प्लॉट त्यांचा, आष्टीतली भाड्याची खोली सोडून कॉलनीत पहिले तेच राहायला आले. "साहेब, माज्या दारात न्हाई ना तुंबायचं?"
"आधी पडू तर द्या, शब्बीरभाई."
खरं उत्तर मला माहीत होतं.

२८ ऑगस्ट
ढग येतात, तोंड दाखवून जातात. पडू नये, असं आज मनात आलं. ऐन दुष्काळात! कुणाजवळ बोलायची सोय नाही.

१३ सप्टें.
काल संध्याकाळी कोसळला. सगळ्या माळाचं पाणी कॉलनीत उतरलं आणि बांधाला अडलं. विहीर काठोकाठ. बायका विहिरीची ओटी भरायला गेल्या, सौ.पण. मी खाली धावलो. शब्बीरभाईंच्या घरात मांडीइतकं पाणी, लोकांच्या मोटारी बुडालेल्या, मागची भिंत बसलेली. त्यांच्या बायकोचा, नूरभाभींचा, पाय तिच्याखाली सापडला. रातोरात नगरला नेलं.

१४ सप्टें.
नगर, दवाखाना. मला आधीच ठाऊक होतं, हे सांगायचंच म्हणून गेलो होतो. विचारलं काय, तर चहा झाला का! शब्बीरभाईच म्हणाले, "पानी लई जोरात आलं, साहेब. कुनाचा काय इलाज?" मी मान हलवली. नालायक माणूस मी.

१९ सप्टें.
सोसायटीची सभा. एकदाचा बोललो, बांध फोडू, मोरी मोकळी करू. चेअरमन म्हणाले, "मागं साठलंय त्यावरच हीर हाय. ते सोडलं की फिरून टँकरची वाट बगा." बांध राहावा म्हणणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर सटासट हात वर. शब्बीरभाईंचाही.
बाहेर गाठलं त्यांना. असं का?
"ती घरी आली की तिला लांबून हंडा आनता यायचा न्हाई. हीर दारात हाय. मीच भरीन."
तेव्हा तरी सांगायचं होतं. मोरीवर बोललो सभेत, माझ्यावर एक शब्द नाही. घरी येऊन विहिरीचंच पाणी प्यालो. गोड आहे.

२१ सप्टें.
भाभी आज आल्या. पाय प्लॅस्टरात. पाणी उंबऱ्याखाली उतरलंय. पुढच्या खोलीत खाट टाकलीय, मागं भिंतीच्या जागी ताडपत्री. आणि दुपारपासून आभाळ भरलेलं.
फावडं घेऊन बांधावर गेलो. समोर विहिरीवर बायकांची झुंबड, एकमेकींची थट्टा चाललेली. एवढं हसणं या कॉलनीत ऐकलं नव्हतं. तसाच परत.
सौ.ला म्हटलं, त्या दोघांना आजच्या आज आपल्याकडं घेऊन येतो.
"आणा की. पण घरदार सोडून का यायचं म्हणून विचारतील. काय सांगाल?"
पत्र्यावर थेंब वाजायला लागलेत. चप्पल घालून बसलोय.