आई कुणाच्या नावावर

१४ नोव्हेंबर

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. तू न्यायालयाच्या दालनात शिरलीस की आता सगळे उठून उभे राहत असतील, पण मी चिमणीच म्हणणार. राग आला तर येऊ दे.

इकडे सगळं ठीक. आईचा खोकला गेला. जिन्यातला दिवा पुन्हा बंद पडलाय. खालच्या शिवणवाल्या काकूंनी नवं मशीन घेतलंय, दिवसभर त्याची घरघर चालू असते. मला डोकेदुखी आणि आईला म्हणे तेवढीच सोबत. माझी बदली यंदाही टळली.

तुझं पाकीट मिळालं. त्याचं पुढे लिहिते.

आधी तू फोनवर विचारलंस ते. "ताई, माझा पगार नक्की ठरतो तरी कसा गं?" अगं, लोकांच्या घरादारांचे निवाडे करणारी बाई तू, आणि तुला स्वतःची पगाराची चिठ्ठी वाचता येत नाही! ऐक. आपल्या राज्याच्या कायद्यात तुम्हा लोकांचा पगार कुणा साहेबाच्या मर्जीवर नसतो. सगळ्यात वरच्या न्यायालयातल्या न्यायाधीशांचा आकडा आधी ठरतो, आणि खालच्या प्रत्येक पायरीला त्याचे ठरलेले टक्के. वर वाढला की तुमचा आपोआप वाढतो, अर्ज-विनंत्या काही नाही. त्यावर वर्षाची वाढ, महागाईचा भत्ता. सरकारी घर, नाहीतर घरभाडं. काळ्या झग्याचे वेगळे, पुस्तकांचे वेगळे, घरकामाच्या बाईचे वेगळे. आणि एकदा खुर्चीवर बसलीस की मुदत संपेपर्यंत तुझा पगार कुणाच्या बापाला कमी करता येत नाही. कलमच आहे तसं, म्हणजे तुम्ही कुणाला न घाबरता निकाल द्यावेत म्हणून. आमच्या पगार विभागात हे कलम मोठ्याने वाचलं की सगळे आपापला चहा ढवळायला लागतात.

निवृत्तीवेतनात तर तुझी वकिलीची वर्षंसुद्धा धरली जातात. तू काळा कोट घालून न्यायालयाच्या व्हरांड्यात अशील शोधत फिरायचीस ना, आणि आई म्हणायची, पोरगी उन्हात वाळली? ती वर्षं. ती सगळी नोकरीतच मोजायची. मला हे पटतं हो. पण त्याच वर्षांत मी आईचं बघत होते, दवाखाने, जिने, तिची रुसणी-फुगणी, ती कुठल्या कलमात बसत नाहीत. गंमत म्हणून सांगितलं. मला तुझा हेवा वाटतो असं मनात आणू नकोस.

तुझी पगाराची फाईल पहिल्यांदा माझ्याच टेबलावर आली होती. मी अधीक्षकांना म्हटलं, सख्खी बहीण आहे, मला नको. त्यांनी ती समोरच्या टेबलावर दिली, गोगलगाईकडे. गोगलगाय म्हणजे आमचा तो हळूबाई सहकारी, तुला मागे सांगितलं होतं बघ. एक बेरीज करायला त्याला दोन चहा लागतात. आणि तो प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतो! "ताई, मोटारीचा भत्ता कुठल्या रकान्यात हो?" म्हणजे फाईल त्याच्याकडे आणि पोटात दुखणं माझ्याकडे.

हो, दुखतं. लिहूनच टाकते. पगारावरून नाही गं. तुझ्या पगाराचं मला खरंच काही नाही, तू कष्टाने मिळवलायस.

आईवरून दुखतं.

आई भाजीवालीला सांगते, "माझी मुलगी न्यायाधीश आहे." मी शेजारी पिशवी धरून उभी. भाजीवाली माझ्याकडे बघून हात जोडते, आणि आई म्हणते, "ही नाही हो, धाकटी." ही नाही हो! गेल्या आठवड्यात तुझा फोन आला तेव्हा ती भिंत धरून, कण्हत, पण धावल्यासारखी गेली. मी हाक मारली की म्हणते, आले गं, गुडघे बघ ना माझे. तुझ्यासाठी गुडघे लगेच वळतात. तू वर्षातून दोनदा येतेस तर चादरी बदलून ठेवते. मी रोज संध्याकाळी येते तर म्हणते, दार लोटून घे, वारा येतोय.

आता पाकिटाचं. तुझ्या पत्रात एकच ओळ, "ताई, सही करून लगेच पाठव." सोबत तो ना-हरकतीचा कागद. नियम मला शिकवू नकोस, तो मला पाठ आहे. औषधपाण्याच्या सवलतीसाठी आई एकाच अपत्याच्या नावावर अवलंबित म्हणून राहू शकते. आज ती माझ्या नावावर आहे. तुझ्या नावावर जायची तर मी हरकत नाही असं लिहून द्यायचं, आणि तिने तुझ्यासोबत, तुझ्याच घरात राहायचं. 'सोबत राहणारी आणि अवलंबून असलेली', दोन्ही हवं. एकावर भागत नाही.

माझ्या नावावर तिच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचा निम्मा खर्च मिळतो, आणि नंबर लागायला पुढचं वर्ष संपेल. तुझ्या नावावर सगळा मिळतो आणि लगेच होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी वर्षभर थांबलात तर चालणंच बंद होईल. हे मला माहीत आहे. तरी तो कागद माझ्या पर्समध्ये घडी करून पडून आहे, चष्म्याच्या डबीखाली. गोगलगाय तुझ्या फाईलसाठी रोज म्हणतो, "ताई, तुमचा तेवढा कागद राहिलाय." जन्मात पहिल्यांदा तो माझ्यापेक्षा पुढे आहे.

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, आधी चौकशी करू, मग बघू. कसली चौकशी, नियम तर मीच लोकांना समजावते.

१५ नोव्हेंबर

काल इथेच थांबले होते. आज संध्याकाळी कचेरीतून आले तर आई पलंगावर बसलेली, आणि तिची निळी बॅग उघडी. स्वेटर आत, औषधांचा डबा आत, बाबांचा फोटो उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आत. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"हे काय चाललंय?"

"धाकटीने सांगितलं मला सगळं. सही केलीस का?"

तू सांगितलंस तर. मला न विचारता. चिडले मी तुझ्यावर, अजून चिडलेली आहे, भेटलीस की ऐकवीन.

"करते," म्हटलं. "विसरले होते."

"तू? विसरलीस?" आई हसायला लागली. "अगं, तू दुधाचा हिशोब झोपेत सांगतेस." मग म्हणाली, "मी तुझी विलंबित आहे ना, म्हणून उशीर."

तुला माहीत नसेल, ती अवलंबितला विलंबितच म्हणते. दवाखान्याच्या खिडकीवर ठणकावून सांगते, मी मोठीची विलंबित. आजवर मी कधी सुधारलं नाही, मजा वाटायची. आज हसू आलं नाही.

मी विचारलं, "तुला जायचंय?"

वाटलं, म्हणेल, नाही गं, तुला सोडून कुठे जाऊ. खरं सांगते चिमणे, एवढंच ऐकायला मी जिना चढून आल्यासारखी उभी होते.

"हो," म्हणाली. "तिच्याकडे तळमजला आहे. दाराबाहेर बाक आहे. मला चालायचंय बाई. तुझ्या खांद्यावर हात टाकून स्वयंपाकघरापर्यंत नको, एकटीने, रस्त्याच्या त्या टोकापर्यंत."

"मग परत येशील ना?"

"नियम काय म्हणतो?"

तो तर मला पाठच! सोबत राहिली तरच सवलत. गुडघ्यांनंतर व्यायाम, तपासण्या, पुन्हा औषधं, सगळं तुझ्याच नावावर. आईने बॅगेतला स्वेटर काढून पुन्हा घडी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाऊ नकोस म्हण एकदा. मी राहीन. पण तोंडाने म्हण. कागद दाबून ठेवू नकोस."

मला म्हणता आलं असतं. जिभेवर आलं होतं. ती राहिली असती, तिचा शब्द म्हणजे शब्द. आणि मग रोज सकाळी मी तिला भिंत धरून चालताना बघितलं असतं.

मी म्हटलं, "बाबांचा फोटो असा नको ठेवूस, काच फुटेल. आण इकडे." आणि टॉवेलात नीट गुंडाळून दिला.

ती जेवून झोपली. मी कागद काढला. आमच्या कायद्यात अवलंबित कोण, हे पगार बघून ठरवतात. ज्याचा पगार तो आधार, ज्याला पगार नाही तो अवलंबित. संध्याकाळी दार उघडून "आलीस का?" कोण विचारणार आहे मला, हे कुणी बघत नाही. अवलंबित मी आहे गं. आधी कधी कळलं नव्हतं. आई तुझ्याकडे येतेय म्हणजे माझ्या घरातलं माणूसच तुझ्याकडे येतंय, आणि तुझ्याकडे आधीच इतकं काही आहे. त्याने जळते मी. आता कळलं ना?

सही केली आहे. कागद सोबत जोडलाय, एक प्रत गोगलगाईला देईन. रविवारी गाडीने तिला घेऊन येते. चहा ती अर्धाच पिते, पण कप पूर्ण भरून हवा असतो, वाद घालू नकोस. रात्री पायाखाली उशी दे. तिने हाक मारली की "आले" म्हणून बसून राहू नकोस, ऊठ. मी बसून राहायचे.

तिला तिथे करमलं नाही तर लगेच कळव. करमलं तर मात्र थोडे दिवस थांबून कळव.

तुझी,
फक्त कागदावर हरकत नसलेली,
ताई