चावरं पिल्लू

हेगनेस, १९ मे

प्रिय सिग्ने,

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. तळ्यावरचा बर्फ एकदाचा फुटला, सावलीत मात्र अजून ढीग पडलेत. बाबांचा खोकला गेला. डोळ्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो, तरी कपात कॉफी कमी ओतलेली त्यांना बरोबर कळते आणि मग मला ऐकून घ्यावं लागतं. तुझा स्वेटर आवडला त्यांना. मी तो करडा असल्याचं सांगितलंय. पिवळा म्हटलं असतं तर अंगाला लावला नसता.

बेकरीतल्या बाईंना माझ्या नोकरीचं काय कळवू, असं तू विचारलं आहेस. सांगते. आधी पिल्लाचं ऐक.

आपला शिकारी कुत्रा तास मेल्याचं तुला लिहिलं होतंच. कुत्र्याशिवाय आपल्या गावची शिकारी मंडळी म्हणजे बंदुका घेऊन फिरायला निघालेले म्हातारे. बाबांची नजर गेल्यापासून कुत्र्यामागे जंगलात मीच जाते, आणि सगळ्यांनी ते गृहीतच धरलंय. माझ्याकडे बघून म्हणतात, राग्नी आहे की! नवं पिल्लू आलं की ते शिकेपर्यंत मी, आणि मग ते म्हातारं होईपर्यंतही मीच. आणि आता येर्दाच्या कुत्रीला पिल्लं झाली.

रविवारी बाबा टोपी घालून आधीच गाडीत जाऊन बसले. "चल, तुझे डोळे हवेत मला," म्हणाले.

येर्दाची पद्धत तुला ठाऊक आहे. एकदा "हे" म्हणून पिल्लू उचललं की बदलून मिळत नाही, आणि पुढचा माणूस फाटकाशी उभाच असतो. या वेळी तळ्यापलीकडच्या शिकारी मंडळींचा एवेर्ट उभा होता, तपकीर ओठाखाली दाबून. येर्दाने घोड्याएवढ्या मूस हरणाच्या कातड्याचा तुकडा दोरीला बांधून अंगणातून फरफटत नेला. एक पिल्लू पायरीखाली पळालं. एक तुटून पडलं, दात रोवून गुरगुरत कातडं ओढायला लागलं. आणि एक मादी दोन हात लांब बसून भुंकायला लागली. येर्दाने दोरी सोडली, कातडं निपचित पडलं, तरी ती भुंकतेच आहे. ना पुढे, ना मागे.

आपल्याला तसलंच लागतं, हे तुलाही कळतं. समोर उभं राहून भुंकणाऱ्या कुत्र्याकडे मूस बघत राहतो, आणि तेवढ्यात माणूस पोचतो. चावणाऱ्यापासून मात्र तो पळत सुटतो, पार डोंगरापलीकडे.

"काय दिसतं?" बाबांनी विचारलं.

"नर आहे एक. छातीला भरलेला. तोच चांगला."

"करतो काय?"

"कातड्यासमोर उभा राहतो. शांत डोक्याचा आहे."

येर्दाने माझ्याकडे असं पाहिलं की मी मानच वळवली. माझा हिशेब सरळ होता. चावरं कुत्रं शरदात नापास होईल, मंडळी कंटाळून एवेर्टच्या मंडळींना जाऊन मिळतील, राग्नीची कुणाला गरज उरणार नाही, आणि मी तुझ्याकडे येईन. बाबांनी भुंकण्याच्या दिशेने कान वळवला. मग म्हणाले, "बरं. उचल." मी त्याला कोटाच्या आत घेतलं. आमची पाठ वळायच्या आत एवेर्टने त्या मादीला काखोटीला मारलं होतं.

वाटेत बाबांनी कोटात हात घातला. पिल्लाने कडकडून बोट धरलं. ते हसले.

"भुंकत होती ती डावीकडे होती. आणि तू उजवीकडचं उचललंस."

मी गाडी थांबवली. "मग तिथेच का नाही बोललात?"

"येर्दाच्या अंगणात? एवेर्टसमोर माझ्या मुलीला खोटं पाडू?" खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "आपल्या मंडळींतल्या सोल्वेशी माझं बोलणं झालं होतं. पिल्लू त्याला द्यायचं होतं. तो आहे धसमुसळा, पण उपजत शहाणं कुत्रं कुणाहीकडे निभावतं. आणि पिल्लाबरोबर मीही त्याच्या खालच्या खोलीत जाणार होतो. त्याची बायको हो म्हणाली होती. घरी गेल्यावर तुला सांगायचं ठरवलं होतं. म्हटलं, पोर खूश होईल."

बघ ना सिग्ने. इतकी वर्षं ज्या माणसाने मला एकदाही "तुला काय हवंय" म्हणून विचारलं नाही, त्याने मला न विचारताच सोडवलं होतं. आणि मी तोंड उघडून स्वतःलाच कोंडून घेतलं. खरं बोलले असते तर आज तुला गाडीची वेळ कळवत असते.

संध्याकाळी सोल्वे आला. पिल्लाने त्याच्या पायमोज्याचा धागा धागा केला. "काका, शहाणं कुत्रं आणि म्हातारा, असं ठरलं होतं आपलं. हे भूत आणि म्हातारा नाही जमणार," म्हणाला, आणि कॉफीसुद्धा न घेता गेला. माझं खोटं बाबांनी त्याला सांगितलं नाही. मला फक्त एवढंच म्हणाले, "चावरं असलं तरी शिकतं. पण त्याला तुझ्यासारखं माणूस लागतं. वेळ लागेल."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी आदळआपट करून बॅग भरली असती. ते तर सकाळी उठून माझ्यासाठी कॉफी ठेवतात. अंदाजाने ओततात, टेबलभर सांडते, आणि मी पुसते.

मला खूप यायचं होतं. इथे श्वास कोंडतो माझा, हे तुला कधी असं सरळ लिहिलं नव्हतं. आज लिहिते, कारण आता लिहून काही बिघडत नाही.

बाईंना कळव की तुझी बहीण येत नाही. माझ्यासाठी ठेवलेली खोली भाड्याने दे. कोटात झोपला की हा चावरा अगदी गरम लागतो. तेवढ्यापुरता मला त्याचा राग येत नाही, आणि त्याचंच मला भय वाटतं.

इथलीच,
राग्नी