भुवईपासून नाकापर्यंतचा पूल

५ मार्च

काल शस्त्रक्रिया झाली. गाठ गेली, जाताना नाकाचं अर्धं टोक घेऊन गेली. तिथे कपाळाची कातडी वळवून बसवली आहे. पण ती अजून तोडलेली नाही! भुवईच्या आतल्या टोकाशी चिकटलेली आहे. मधे कातडीचा पूल, पुलात एक धमनी. डॉक्टरीणबाईंनी आधी ती यंत्राने ऐकून कपाळावर शाईची रेघ ओढली होती. नव्या नाकाचा संसार तिच्या एकटीच्या जिवावर. पूल दबला की नाक गेलं.

आयुष्यभर नाकावर माशी बसू दिली नाही. आता कपाळात असेल ते नाकात.

७ मार्च

घरी. चष्मा बंद, कारण तो नेमका पुलावर बसतो. हे अंदाजाने लिहितो आहे, बाराखडी गिरवल्यासारखं. वाचन नाही, वाकणं नाही. नुसत्या येरझाऱ्या.

बायको येता-जाता नवी कातडी बोटाने दाबून पाहते. पांढरी होते, मग गुलाबी. म्हणजे रक्त चालू. गंमत अशी, की दाबते नाक आणि कळतं कपाळाला! मज्जातंतू जुनेच ना. लहानपणी आई ताप पाहायची तसं वाटतं. तिला सांगितलं नाही. या वयात शोभत नाही.

९ मार्च

जुना चष्मा खणात आहे हे बायको विसरली होती. मी नाही. एकच श्लोक पडताळायचा होता, एकाचा सर्ग झाला. ती बोट पुढे करून आली आणि थांबली. टोक जांभळं!

डॉक्टरीणबाईंनी दोन टाके सैल केले. रक्त आत येतंय, परत नेणाऱ्या सिरा दबल्या आहेत, म्हणाल्या. (‘शिरा’ नव्हे, ‘सिरा’! संस्कृतच्या मास्तरापुढे शब्द तरी शुद्ध.) मी श्लोकाचं कारण पुढे केलं.

“सर, तुमचे तर पाठ असतील ना?”

रंग फिरला नाही तर सगळं काढावं लागेल. घरी येताच बायकोने जुना चष्मा आपल्या कपाटात कुलूपबंद केला.

१० मार्च

जांभळंच.

११ मार्च

कडेने गुलाबी!! बायको पुस्तक घेऊन बसली. “मी वाचते. तुम्ही गप्प बसायचं.” विसर्गांचे मुडदे पाडत वाचते. मी एकही चूक सुधारली नाही.

२६ मार्च

डॉक्टरीणबाई पूल चिमटीत दाबून बघत राहिल्या. नाक गुलाबीच. आता त्याला खालून रक्त मिळतंय. पूल कापला.

२७ मार्च

बायकोने सवयीने नाक दाबलं. पांढरं, मग गुलाबी. कपाळाला काही कळलं नाही. तेव्हा कुठे तिला सांगितलं.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “दाबलं की डोळे मिटायचात. नाहीतर इतक्यांदा कोण दाबतं?”